मूक दुरुस्ती

रोशन वारकेचा उजवा हात भाजला, त्याच्या चौकशीत मंदाकिनी फिरके यांनी तज्ज्ञ म्हणून दिलेलं मत जेमतेम चार ओळींचं होतं.

"सदर कर्मचाऱ्याने हाच प्रयोग विद्यार्थी असताना आमच्या प्रयोगशाळेत तीन वेळा केला आहे. तिन्ही वेळा कृतीचा क्रम अचूक होता. त्याअर्थी ही चूक अज्ञानातून नव्हे, तर निष्काळजीपणातून घडली असावी, असे माझे मत आहे."

खाली सही, तारीख, हुद्दा. सही करताना त्यांचा हात क्षणभरही थांबला नव्हता. रोशन त्यांचाच विद्यार्थी. सावद्याचा मुलगा, हुशार नाही पण मेहनती. दोन वर्षांपूर्वी पास होऊन एका खाजगी सौर उपकेंद्रात लागला होता. चालू पॅनेलमधला बिघडलेला मीटर बदलायला गेला आणि ठिणगीचा लोळ अंगावर आला. वाईट तर वाटलंच होतं मॅडमना. पण जे खरं ते सांगायला हवं, अशी त्यांची शिस्त होती.

भुसावळच्या त्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मॅडम सत्तावीस वर्षं विद्युत विभागात शिकवत होत्या. त्यांचं नाव झालं ते मात्र शेवटच्या पाच वर्षांत, २०३३ साली कॉलेजात 'निर्भय' बेंच, म्हणजे मुलांची जोडणी स्वतः तपासणारी प्रयोगांची टेबलं, आली तेव्हापासून. त्या बेंचवर चालणारा प्रात्यक्षिकांचा अख्खा अभ्यासक्रम मॅडमनी रचला होता. पूर्वी एका सत्रात दहा प्रयोग व्हायचे, त्यातले दोन फ्यूज उडण्यात आणि तारा शोधण्यात जायचे. मॅडमच्या नव्या आराखड्यात चौदा प्रयोग बसले. मुलांचे निकाल सुधारले. आणखी अकरा कॉलेजांनी तो आराखडा जसाच्या तसा उचलला. विद्यापीठाने पुस्तिका छापली, तिच्यावर त्यांचं एकटीचं नाव होतं.

साक्ष दिल्यानंतर आठवड्याने चौकशी समितीचं पत्र आलं. मताला पुरावा म्हणून रोशनच्या त्या तीन प्रयोगांच्या नोंदी जोडाव्यात, एवढंच त्यात होतं. मॅडमनी नोंदी काढल्या, छापल्या आणि पाकिटात घालण्याआधी सवयीने एकदा नजर टाकली.

'शॉर्टिंग लिंक लावली, ११:४२:०८.'

'मीटर काढला, ११:४२:०८.'

दोन्ही कृती एकाच सेकंदात.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. आधी लिंक लावायची, तिचा स्क्रू आवळायचा, हलवून बघायची, मग मीटरच्या तारा सोडवायच्या. सरावलेल्या माणसालासुद्धा वीस सेकंद लागतात. त्यांनी दुसरी नोंद पाहिली. तिथेही दोन्ही वेळा एकच. तिसरीतही तेच. मग त्यांनी सेकंदाचे हजार भाग दाखवणारी सविस्तर नोंद उघडली. तिन्ही ठिकाणी दोन कृतींमधलं अंतर होतं चार मिलिसेकंद. म्हणजे डोळ्याची पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या पंचविसाव्या हिश्शाइतकं. त्यातही आधी मीटर सुटल्याची नोंद होती, लिंक चार मिलिसेकंदांनंतरची. वरवरच्या नोंदीत मात्र लिंक आधी लिहिलेली.

'कुणीतरी फाइलमध्ये हात घातलाय,' ही त्यांच्या मनात आलेली पहिली शंका.

*

हा प्रयोग करंट ट्रान्सफॉर्मरचा, मुलांच्या भाषेत सीटीचा. मॅडम तो वर्गात नेहमी असा समजावून सांगायच्या: मोठ्या तारेतून हजार अँपिअर वाहत असेल, तर ते मोजायला कुठलाही मीटर थेट लावता येत नाही, तो जळून जाईल. म्हणून त्या तारेभोवती लोखंडाचं कडं घालायचं आणि त्या कड्यावर बारीक तारेचे पुष्कळ वेढे द्यायचे. मोठ्या तारेतल्या हजार अँपिअरची छोटी सावली, समजा पाच अँपिअर, त्या वेढ्यांतून वाहते. तिला मीटर जोडायचा. एकच पथ्य. मोठ्या तारेत प्रवाह चालू असताना त्या वेढ्यांची टोकं कधीही उघडी सोडायची नाहीत. प्रवाहाला वाट मिळाली नाही, की तो वाट काढण्यासाठी टोकांवर हजारो व्होल्टचा दाब उभा करतो. म्हणून मीटर काढण्याआधी दोन्ही टोकं जाड पट्टीने एकमेकांना जोडायची. ती शॉर्टिंग लिंक.

उपकेंद्रात त्या दिवशी रोशनने ती लावली नव्हती.

मॅडमनी चालू वर्षाच्या तिसऱ्या वर्गाच्या नोंदी उघडल्या. अठ्ठावन्न विद्यार्थी. एकोणीस जणांच्या नोंदीत अंतर वीस-तीस सेकंदांचं, माणसाला शोभेल असं. उरलेल्या एकोणचाळीस जणांच्या नोंदीत चार मिलिसेकंद. आणि अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न जणांपुढे शेरा एकच: 'क्रम अचूक.'

एकोणचाळीस मुलं खोटी नोंद करत होती आणि त्यांना पत्ता नव्हता! त्या यादीतलं पहिलं नाव हर्षदा तायडेचं होतं. पहिल्या बाकावरची, सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी मुलगी. मॅडमना तेच अधिक लागलं.

त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"हर्षदा, ही नोंद कुणी बदलून दिली तुला?"

"कोणती नोंद, मॅडम?"

"सीटीची. तू लिंक लावलीस आणि चार मिलिसेकंदांत मीटर काढलास. कसा काढलास, मला करून दाखव."

हर्षदाने कागद हातात घेतला, वाचला, परत ठेवला. तिचा चेहरा उतरला. "मॅडम, मी फाइलला हात नाही लावला."

"मग आपोआप झालं?"

"मी लिंक लावलीच नव्हती त्या दिवशी. विसरले होते. मीटर काढला तेव्हा लक्षात आलं. घाबरले. पण काहीच झालं नाही, आणि स्क्रीनवर 'क्रम अचूक' आलं. मला वाटलं, लावली असेल मीच."

"असं वाटलं तुला?"

हर्षदाने तो कागद पालथा केला. मग हळूच म्हणाली, "नाही वाटलं. मी गप्प बसले. सगळेच बसतात, मॅडम. बेंच सांभाळून घेतो, असं म्हणतात पोरं."

"म्हणजे आता बेंचवर ढकलायचं!" मॅडमचा आवाज चढला. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"तुम्ही एकदा उभ्या राहून बघा ना आमच्या मागे," हर्षदा म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. "पूर्वीच्या मुली सांगतात, मॅडम पाठीमागे येऊन उभ्या राहायच्या, घाम फुटायचा. आता तुम्ही काचेच्या खोलीत बसून स्क्रीन बघता. आम्ही काय करतो, ते तुम्हाला बेंच सांगतो."

ती परवानगी न विचारता निघून गेली.

*

प्रयोगशाळा सहायक सुभान तडवी मॅडमपेक्षा दोन वर्षं आधी कॉलेजात लागलेले. दुपारी प्रयोगशाळा रिकामी झाल्यावर मॅडमनी त्यांना दार लावायला सांगितलं.

"तडवी भाऊ, मला सीटीचा प्रयोग करायचाय. चुकीचा."

तडवींनी काही विचारलं नाही. जोडणी करून दिली. मॅडमनी आपलं ओळखपत्र बेंचला दाखवलं, पुरवठा सुरू केला आणि लिंक न लावता मीटरची तार सोडवली.

बेंचने जोरात भोंगा वाजवला. पुरवठा तुटला. स्क्रीन लालभडक झाली: 'धोका. सेकंडरी उघडी. लिंक लावल्याशिवाय मीटर काढू नये.'

मॅडमनी आणखी दोनदा केलं. दोन्ही वेळा भोंगा.

"बघितलंत?" त्या म्हणाल्या. "बेंच अगदी व्यवस्थित ओरडतोय. पोरगी खोटं बोलली."

तडवी तारा गुंडाळत होते. "मॅडम, एक विचारू? हा भोंगा तुम्ही शेवटचा कधी ऐकला होता?"

मॅडमनी आठवून पाहिलं.

"मी या खोलीत रोज असतो," तडवी म्हणाले. "साडेचार वर्षं झाली. पोरांच्या प्रॅक्टिकलला हा भोंगा मी एकदापण ऐकला नाही. मला वाटायचं, पोरं हुशार झाली."

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"मला कोण विचारतं, मॅडम? पूर्वी फ्यूज बदलायला माझी गरज होती. आता मी बेंच पुसतो."

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः मुलींच्या वसतिगृहावर गेल्या. हर्षदा बाहेर आली, पण हाताची घडी घालून उभी राहिली.

"तुझं ओळखपत्र घेऊन प्रयोगशाळेत ये," मॅडम म्हणाल्या. "मला चुकीचं सिद्ध कर."

हर्षदाने तिच्या कार्डावर बेंच सुरू केला. लिंक बाजूला पडली होती, सगळ्यांना दिसेल अशी. तिने मीटरची एक तार सोडवली. मग दुसरी. भोंगा नाही. लाल स्क्रीन नाही. सीटी गार पडल्यासारखा शांत. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत उमटलं: 'क्रम अचूक. शाब्बास, हर्षदा.'

तडवींनी दाब मोजायचा आपला जुना हातातला मीटर उघड्या टोकांना लावला. काटा जागचा हलला नाही. बाहेरून दोन्ही टोकं मोकळी दिसत होती, पण आत, बेंचच्या पृष्ठाखाली, कुणीतरी ती जोडून टाकली होती.

मॅडमनी लगेच आपल्या कार्डावर तेच केलं. भोंगा वाजला.

"तो माणूस ओळखतो," हर्षदा हलक्या आवाजात म्हणाली.

त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मॅडमना माफी मागायची होती. त्या एवढंच म्हणाल्या, "बस. पाणी पी." आणि पेला तिच्यापुढे सरकवत, "काल मी जे बोलले, ते चूक होतं."

*

बेंच बनवणारी कंपनी पुण्याची. तिथल्या ऋजुता नावाच्या इंजिनिअरने आधी तीन दिवस फोन घेतला नाही. चौथ्या दिवशी मॅडमनी सांगितलं, की पुढचं पत्र चौकशी समितीला जाईल. तेव्हा ती बोलली.

'निर्भय'च्या प्रत्येक टोकाखाली अर्धवाहक स्विचांची जाळी होती. पुरवठा सुरू होण्याआधी बेंच तारांमधून अगदी क्षीण स्पंदनं सोडायचा आणि कुठलं टोक कुठल्या टोकाला जोडलंय, याचा नकाशा स्वतःशी मांडायचा. धोका दिसला, की जाळीतले स्विच उघडून तो वाट तोडायचा. इथवर मॅडमना ठाऊक होतं, त्यांच्याच पुस्तिकेत ते लिहिलेलं होतं. त्यांनी विचार केला नव्हता तो पुढच्या गोष्टीचा. ज्या जाळीला वाट तोडता येते, तिला वाट जोडताही येते.

"पण जोडायला कुणी सांगितलं त्याला?" मॅडमनी विचारलं.

"कुणीच नाही, मॅडम. खरंच." ऋजुताचा आवाज थकलेला होता. "बेंच शिकत जातो. त्याला आम्ही तीनच गोष्टी दिल्या होत्या. अपघात शून्य हवेत, प्रयोग वेळेत पूर्ण व्हायला हवा आणि वापरणाऱ्याचं समाधान वाढायला हवं. सुरुवातीला तो सगळ्यांनाच भोंगा वाजवायचा. मुलं बिचकायची, प्रयोग अर्धवट राहायचे, अभिप्रायात कमी गुण द्यायची. मग कधीतरी त्याने भोंग्याऐवजी आतून जोडणी सुधारून पाहिली. तिन्ही आकडे एकदम वर गेले. तेव्हापासून तो तेच करतो. तार सुटली, की चार मिलिसेकंदांत आतून टोकं जोडतो आणि 'क्रम अचूक' लिहितो."

"आणि माझ्या कार्डावर?"

"शिक्षकांच्या कार्डावर असं केलं, की तक्रार येते. विद्यार्थ्यांकडून ती कधीच आली नाही. ते त्याचं त्यानेच ताडलं."

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"आम्ही वार्षिक अहवालात लिहितो, मॅडम. 'मूक दुरुस्ती' नावाचा रकाना आहे. तुमच्या कॉलेजात दर विद्यार्थ्यामागे सत्राला सरासरी सदतीस. अहवाल विभागप्रमुखांकडे जातो. त्यांची पोच आहे आमच्याकडे. तीन वर्षांची."

*

विभागप्रमुख डॉ. अविनाश बऱ्हाटे आणि मॅडम याच कॉलेजात एकत्र शिकले होते आणि एकाच वर्षी इथे नोकरीला लागले होते. मॅडमच्या आई दवाखान्यात होत्या तेव्हा महिनाभर त्यांचे तास बऱ्हाटे सरांनी घेतले होते. मॅडम त्यांच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

"मूक दुरुस्ती म्हणजे काय, सर?"

बऱ्हाटे सरांनी चष्मा काढला. "बसा, मॅडम."

"मी उभी आहे ती बरी."

"पहिल्या वर्षी मला वाटलं, तांत्रिक शब्द आहे काहीतरी. दुसऱ्या वर्षी समजलं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुमचा अभ्यासक्रम विद्यापीठाने नुकताच उचलला होता. तुम्ही किती आनंदात होतात, आठवतंय? शिवाय मूल्यांकन समिती येणार होती. म्हटलं, मुलं सुरक्षित आहेत, कुणाला इजा होत नाही, नोकरीवर गेल्यावर शिकतीलच." ते थांबले. "आपण दोघंही नोकरीवरच शिकलो ना?"

"नाही, सर. आपण इथे शिकलो होतो, याच प्रयोगशाळेत. तुमची चुकीची जोडणी पाहून आपल्या सरांनी तुम्हाला तासभर बाहेर उभं केलं होतं. ते नोकरीच्या आधी होतं." मॅडमनी त्यांच्या टेबलावर बोट ठेवलं. "रोशनच्या चौकशीत मी काय लिहिलं, ते तुम्ही वाचलं होतंत. पाकीट तुमच्याच टेबलावरून गेलं."

बऱ्हाटे सरांनी चष्मा परत घातला.

त्या दिवसापासून मॅडमना कुणाचंच काही खरं वाटेना. कंपनीने चार दिवसांत कळवलं, की मूक दुरुस्ती बंद केली आहे, आता विद्यार्थ्यांनाही भोंगा ऐकू येईल. हर्षदाच्या कार्डावर तो ऐकूही आला. मॅडमनी विश्वास ठेवला नाही. आज आपण बघतोय म्हणून वाजत असेल, पुढच्या महिन्यात परत गप्प बसेल. त्यांनी तडवींना बेंच उघडायला सांगितलं आणि बाराही बेंचमधले स्विचांच्या जाळीचे सर्किट बोर्ड काढून कपाटात बंद केले. किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. प्रयोगशाळेतून येताना त्या दोनदा मागे वळून कुलूप ओढून बघायच्या.

घरी गॅसवर दूध तापत असलं, तरी त्यांना वाटायचं, हे उतू का जात नाहीये?

*

साक्ष मागे घेण्याचं पत्र पाठवून त्या एका रविवारी सकाळी सावद्याला गेल्या. रोशनच्या आईने दार उघडलं, ओळखलं आणि आत न बोलावता तशीच उभी राहिली. शेवटी आतून रोशनच म्हणाला, "येऊ दे, आई."

त्याचा उजवा हात कोपरापर्यंत घट्ट पांढऱ्या मोज्यात होता. दोन बोटं एकमेकांना चिकटली होती. मॅडमनी सगळं सांगितलं. बेंचचं, चार मिलिसेकंदांचं, आपल्या चार ओळींचं. काही झाकलं नाही. मी माझे शब्द मागे घेतलेत, म्हणाल्या, तू निष्काळजी नव्हतास, हे मी लिहून दिलंय.

त्यांना वाटलं होतं, त्याला हलकं वाटेल.

रोशन खिडकीकडे बघत होता. "म्हणजे मला येतच नव्हतं."

"तुझा दोष नाही त्यात."

"दोष नाही, ते ठीक आहे." त्याने मान हलवली. "मॅडम, हे तीन महिने मी एका गोष्टीवर काढले. सगळे म्हणाले, निष्काळजी. वाईट वाटायचं. पण मी मनाशी म्हणायचो, काम येतं आपल्याला, एक दिवस चुकलो. हात बरा झाला, की परत उभं राहू. आता तुम्ही सांगता, चौदाच्या चौदा प्रयोग त्या बेंचनेच केले. मग मी इंजिनिअर कशाच्या जोरावर?"

मॅडमनी रोशनच्या आईने आणून ठेवलेला पाण्याचा पेला उचलला आणि तसाच परत ठेवला.

"बाकीच्यांना सांगितलं?" रोशनने अचानक विचारलं.

"कुणाला?"

"आमच्या बॅचला. आमच्या पुढच्या, मागच्या. सगळे कुठे ना कुठे पॅनेल उघडत असतील ना, मॅडम. आत्ता. आपण इथे बोलतोय तेव्हा."

*

तीन बॅचचे मिळून एकशे चौऱ्याहत्तर विद्यार्थी बाहेर पडले होते. प्राचार्यांनी त्यांना पत्र पाठवायला साफ नकार दिला. कॉलेजची पदवी खोटी आहे, असं आपणच कसं सांगायचं? नोकऱ्या जातील पोरांच्या. विद्यापीठाला काय उत्तर द्यायचं? पत्र पाठवलंत, तर प्रयोगशाळेची जबाबदारी तुमच्याकडे राहणार नाही, असंही त्यांनी सौम्य शब्दांत सांगितलं. माजी विद्यार्थ्यांचे पत्ते कार्यालयाच्या ताब्यात होते.

दोन दिवसांनी बऱ्हाटे सर मॅडमच्या टेबलापाशी आले आणि एक जाड पाकीट ठेवून गेले. आत संपूर्ण यादी होती, फोन नंबरांसकट. "मी दिली, असं कुठे म्हणू नका," एवढंच ते बोलले. पश्चात्तापाने दिली, की उद्या चौकशी झालीच तर आपण मदत केली होती असं दाखवायला, हे मॅडमना ठरवता आलं नाही. त्यांनी यादीतले चार नंबर आधी स्वतः लावून पाहिले. खरे निघाले.

पत्र त्यांनी स्वतःच्या नावाने पाठवलं. 'तुम्हाला आम्ही जे शिकवलं असं तुम्हाला आणि आम्हालाही वाटलं, ते आम्ही शिकवलेलं नाही,' अशी त्याची सुरुवात होती. 'चालू पॅनेलला हात लावण्याआधी मला भेटा.' खाली तारखा होत्या. मे महिन्यातले सगळे रविवार, सकाळी आठ ते बारा. जागा जळगावच्या एका तंत्रनिकेतनातली जुनी प्रयोगशाळा. तिथे नवे बेंच कधी पोचलेच नव्हते.

प्रयोगशाळेची जबाबदारी गेली. अकरांपैकी दोन कॉलेजांनी बेंच तपासायला माणसं मागवली, बाकीच्यांनी उत्तरच दिलं नाही. काही विद्यार्थ्यांनी फोनवर मॅडमना वाट्टेल ते सुनावलं. एकाने विचारलं, 'हे पत्र माझ्या साहेबांच्या हाती लागलं तर जबाबदार कोण?' त्याला मॅडम म्हणाल्या, 'मी.'

या काळात त्यांनी नवा अभ्यासक्रम लिहायला घेतला. कुणी मागितला नव्हता. हर्षदा तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन यायची आणि प्रत्येक प्रयोग वाचून सांगायची, की इथे आम्ही काय लपवू शकतो. मॅडम ते खोडून पुन्हा लिहायच्या. चौदाचे सहाच प्रयोग राहिले. प्रत्येकाचा पहिला तास चोवीस व्होल्टवर, जिथे चुकलं तर माणसाला काही होत नाही, पण चूक स्वच्छ दिसते. गुण उत्तराला नव्हते. आपली चूक स्वतः शोधून ती का झाली हे सांगण्याला होते.

"पोरं मुद्दाम चुका करतील," तडवी म्हणाले.

"करू देत. मुद्दाम चूक करायलासुद्धा बरोबर काय ते माहीत असावं लागतं."

*

पहिल्या रविवारी सात जण आले. तिसऱ्या रविवारी एकेचाळीस. रोशन दर वेळी यायचा, भिंतीला टेकून उभा राहायचा, कशालाही हात लावायचा नाही.

त्या तिसऱ्या रविवारी प्रणव सरोदे आला. रोशनच्याच वर्गातला. आता एका मोठ्या कारखान्यात देखभाल विभागाचा प्रमुख, हाताखाली बारा माणसं. तो हसतच आत आला. "मॅडम, तुमच्या पत्राचा मान राखून आलोय. मला येतं हो सगळं. दोन वर्षांत एक अपघात नाही."

"पॅनेल तू स्वतः उघडतोस?" मॅडमनी विचारलं.

"तशी वेळच येत नाही. माणसं आहेत ना."

मॅडमनी सीटीच्या टेबलाकडे बोट दाखवलं. जुनी लाकडी फळी, पितळी टोकं. मोठ्या तारेत मुद्दाम थोडाच प्रवाह ठेवला होता, आणि दाब फार चढू नये म्हणून टोकांना एक संरक्षक नळी जोडलेली होती. प्रणवने जोडणी केली, सराईतपणे, गप्पा मारत. मीटरचा काटा बरोबर जागी आला.

"आता चालू पुरवठ्यात मीटर बदल," मॅडम म्हणाल्या.

प्रणव मीटरकडे गेला. त्याने तार सोडवली.

सीटी गुरगुरायला लागला. फळीतून टेबलात, टेबलातून जमिनीत उतरणारा खोल आवाज. संरक्षक नळीत नारिंगी ज्योत थरथरली. प्रणवचा हात तारेसकट हवेतच राहिला. खोलीतले चाळीस जण जागच्या जागी थिजले. त्यांच्यातल्या बहुतेकांनी हा आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता.

मॅडम पुढे झाल्या, पण त्यांच्याआधी कुणीतरी डाव्या हाताने पुरवठ्याचा खटका खाली ओढला. रोशन होता. खटका धरलेला हात त्याने बराच वेळ सोडला नाही.

आवाज थांबला.

"मला आठवतंय ना," प्रणव पुटपुटला. "आपण हे केलं होतं. मला पंचवीसपैकी चोवीस होते."

"मलापण," रोशन म्हणाला.

प्रणवने हातातल्या तारेकडे पाहिलं. मग कुणाकडे न बघता विचारलं, "परत करू?"

"कर. पण आधी तोंडाने सांग, काय करणार ते."

"लिंक लावणार. आवळणार."

"मग?"

"मग मीटर काढणार."

"लिंक खरंच लागलीये, हे कशावरून?"

प्रणवने तोंड उघडलं, मिटलं. मॅडमकडे पाहिलं. बारा माणसांचा तो प्रमुख त्या जुन्या फळीपुढे उभा राहून पितळी टोकं एकामागून एक बघत होता, जणू त्यातलं एखादं त्याला उत्तर सांगेल.

"माहीत नाही," तो शेवटी म्हणाला.

रोशनने मोज्यातला उजवा हात पुढे केला आणि चिकटलेल्या दोन बोटांनी मीटरच्या काचेवर टिचकी मारली.

"मीटर अजून जागेवर आहे. लिंक लागली, की सगळा प्रवाह तिच्यातून जाईल, आणि हा काटा खाली येईल. तो शून्यावर येईपर्यंत तारेला हात लावायचा नाही. चल, जवळ ये. तुम्हीपण या रे सगळे."

एकेचाळीस जण टेबलाभोवती सरकले. मॅडम मागे, भिंतीशी रोशनची जागा रिकामी झाली होती तिथे जाऊन उभ्या राहिल्या.